डावं-उजवं

हॅलिफॅक्सच्या धर्मादाय दुकानात बारा पौंडांना मिळाला.
लाकडी पेटी, दोन सुटे स्पीकर, साय धरल्या रंगाची बटणं,
झाकणाच्या आत निळ्या शाईत: डी. बॅराक्लफ.
तबकडीही आतच राहिलेली, कुठल्याशा गिरणीच्या ब्रास बँडची.
चालतो बहुतेक, दुकानातली बाई म्हणाली.
बहुतेक या शब्दावर मी आयुष्यात पुष्कळ वस्तू घेतल्या आहेत.

पहिल्या दिवशी नुसती घरघर.
मागे एक काळी तार मोकळी लोंबत होती, ती स्क्रूखाली दाबली,
पाहुणे आल्यावर भांडण थांबावं तशी घरघर थांबली.
मग खरखर. बटणांच्या बुडाशी फवारा मारला,
वीस वेळा इकडे, वीस वेळा तिकडे.
बॅलन्सचं बटण उजवीकडे कललेलं होतं,
तिथेच पट्टीवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका.
तिरकी तसबीर सरळ करावी तसं मी ते मधोमध आणलं.

बँड वाजला.
उजवीकडून ट्यूबा, ढोल, जाडजूड म्हातारे सूर.
डावीकडून जवळजवळ काही नाही.
कॉर्नेटवाले चहाला गेल्यासारखे.

नियम सोपा आहे, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं पाळलाय:
एका वेळी एकच गोष्ट बदलायची
आणि दोष कुठे जातो ते बघायचं.
सुईमागच्या चार तारा चिमट्याने काढल्या,
पांढरीच्या जागी लाल, निळीच्या जागी हिरवी.
कॉर्नेट उजवीकडून आले, आता ट्यूबा चहाला.
मुकी बाजू तीच.
स्पीकरच्या वायरी उलटसुलट केल्या. डावीच.
वायरी तिथेच ठेवून स्पीकर उचलले,
दिनकर म्हणाला, कंबर सांभाळ.
डावीच.
सुई नवी. पट्टा नवा. रविवार संपला.

खोलीत न बदललेली एकच वस्तू उरली होती.

मी खुर्ची उलटी फिरवली,
शिक्षा झालेल्या पोरीसारखी भिंतीकडे तोंड करून बसले
आणि कॉर्नेट आले.
सगळेच्या सगळे.
गेले ते ट्यूबा.
दोष माझ्याबरोबर वळला होता.

इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे चार माग.
रात्रभर धोटा या टोकाहून त्या टोकाला.
मी उजव्या कुशीवर झोपायचे.
दिनकर चाळीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून जेवतो,
आणि मी त्याच्या बोलण्याकडे कानाडोळा करते, असं सगळ्यांना सांगतो.

सोमवारी पुन्हा दुकानात गेले.
बॅराक्लफ म्हणजे डोरीन. विणकर. गिरणीला कुलूप लागेपर्यंत.
मागांच्या त्या आवाजात सगळ्याच बायका ओठ वाचायच्या,
रस्त्याच्या या फुटपाथवरून त्या फुटपाथवर
एक शब्द न उच्चारता अख्खं गाव धुऊन काढायच्या.
बाई हे सांगत होती आणि मी तिचे ओठ बघत होते.
केव्हापासून बघते मी लोकांचे ओठ?

म्हणजे बटण कललेलं नव्हतंच.
डोरीनसाठी ते मधोमध होतं.

तिचा उजवा. माझा डावा.
एका पेटीसमोर आम्ही दोघी बसलो असतो
तर मिळून एक धड बँड ऐकला असता.

तिचा ठिपका मी पुसलेला नाही.
माझ्याकडे नेलपॉलिश नाही, लेक मार्चमध्ये येईल,
कानाच्या दवाखान्याची तारीखही मार्चमधलीच.
तोवर बटण अंदाजाने, घड्याळातल्या दहाच्या आसपास.

आणि दिनकरला जेवताना दुसऱ्या खुर्चीत बसवलंय.
हे काय नवीन, त्याने विचारलं.
स्पष्ट ऐकू आलं.
बोल, मी म्हटलं. भाजीबद्दल बोललास तरी चालेल.